'फाउंडेशन' अर्धवट परत का आले? : विज्ञानकथा सुचवण्याविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वाचकगटात सहा जण आहेत. सगळे मुरलेले वाचक आहेत, परंतु विज्ञानकथेशी त्यांच्यापैकी कोणाचाही फारसा परिचय नाही. आपण स्वतः शाळकरी वयापासून विज्ञानकथा वाचत आला आहात, म्हणून आपल्या सर्वांत आवडत्या पुस्तकाने, म्हणजे आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन'ने, आपण सुरुवात करून दिली. सहापैकी पाच जणांनी ते अर्धवट परत केले आणि त्यांतल्या एकीने "हे आमच्यासाठी नाही" असे सांगून विषयच मिटवला. आता कोणती दहा पुस्तके द्यावीत, असे आपण विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे वाचनालयाच्या देवघेव विभागात काम करत आलो आहे आणि त्यातली बरीच वर्षे विज्ञानकथेचे कपाट माझ्याकडेच होते. त्या अनुभवावरून सांगतो की दहा पुस्तकांची एकच यादी सहा जणांच्या हाती देऊ नये. सहा जणांना सहा वेगळी पुस्तके द्यावीत, प्रत्येकाला एकच द्यावे, आणि ते निवडताना आपल्याला काय आवडले याचा विचार बाजूला ठेवून समोरचा माणूस आजवर काय आवडीने वाचत आला आहे ते पाहावे.

'फाउंडेशन' हे कमअस्सल पुस्तक आहे म्हणून परत आले, असे नाही. आपले वाचक कच्चे आहेत असेही नाही. 1951 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीचे पाच भाग आहेत. त्यांपैकी चार भाग 1942 ते 1944 या काळात एका मासिकात सुट्या कथा म्हणून छापून आले होते आणि पहिला भाग पुस्तकासाठी नंतर लिहिला गेला. त्यामुळे पहिल्या भागात ज्या हॅरी सेल्डनशी आपली ओळख होते, तो दुसऱ्या भागापर्यंत हयातच राहत नाही. मधे पन्नास वर्षे उलटून गेलेली असतात. कादंबरी वाचणारा माणूस एखाद्या पात्राचा हात धरून पुढे जातो, आणि इथे तो हात दर भागाला सुटतो. संकटे येतात ती बंद दालनांतल्या संभाषणांतून कळतात आणि सुटतात तीही बहुतेक संभाषणांतूनच. स्त्रीपात्रे जवळजवळ नाहीतच. आपण चौदाव्या वर्षी जिच्यावर भाळलो ती त्यामागची कल्पना होती : साम्राज्य कोसळल्यावर येणारा तीस हजार वर्षांचा अंधार गणिताच्या बळावर एक हजार वर्षांवर आणण्याची कल्पना. ती आजही मला थरारून टाकते. परंतु ज्या बाईंनी आयुष्यभर माणसांच्या मनाचे बारकावे शोधत कादंबऱ्या वाचल्या, त्यांना त्या भव्यतेत माणूस सापडला नाही, आणि त्यांची ही तक्रार रास्त आहे. ज्या एकाने पुस्तक पूर्ण केले त्याला विचारून पाहा. तो बहुधा राज्यांच्या उदयास्ताचे इतिहास वाचणारा निघेल.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि आपल्यासारख्या जुन्या वाचकांच्या ते लक्षातही येत नाही. विज्ञानकथा वाचणे ही एक वेगळी सवय आहे. समजा, कथेत पहिलेच वाक्य असे आहे : "दार विरघळले आणि ती आत आली." आपण या वाक्यावर क्षणभरही थांबत नाही. या जगातली दारे वेगळ्या द्रव्याची आहेत, कोणालाच आश्चर्य वाटलेले नाही म्हणजे ही रोजची गोष्ट आहे, आणि निवेदक याच जगातला आहे, हे तिन्ही निष्कर्ष आपण न कळत काढून पुढच्या वाक्यावर गेलेले असतो. सामाजिक कादंबरी वाचणारा मात्र इथे अडखळतो. त्याच्या सवयीनुसार ही प्रतिमा असते. तिला पाहून कोणाच्या तरी मनातले दार विरघळले असावे, असा अर्थ तो लावतो. पुढच्या वाक्यात तो अर्थ बसत नाही, मग तो मागे जातो, पुन्हा वाचतो, आणि तिसऱ्या पानावर थकतो. अनोळखी शब्द मुठीत धरून न थांबता पुढे चालत राहणे आणि त्याचा अर्थ आजूबाजूच्या तपशिलांतून आपोआप उमगू देणे, ही सवय सरावानेच लागते. म्हणून मी प्रत्येक नव्या वाचकाला पुस्तक देताना एवढे सांगतो की पहिल्या तीस पानांत जे कळणार नाही ते तसेच राहू द्या. लेखकाने त्याची उत्तरे वाटेत ठेवलेली असतात.

सराव करायचा तर तो लघुकथेवर करावा. एका कथेत सहसा एकच अनोळखी गोष्ट असते, बाकीचे जग ओळखीचे असते, आणि वाचकाला बैठक मोडायच्या आत शेवट गाठता येतो. पुस्तक पूर्ण केल्याचे समाधान हे पुढच्या पुस्तकाचे आमंत्रण असते, आणि अर्धवट टाकलेल्या चारशे पानांची टोचणी त्याच्या अगदी उलट काम करते.

मी सर्वाधिक वेळा ज्या कथेने सुरुवात करून दिली ती म्हणजे डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन'. ही कथा 1959 मध्ये आली आणि 1966 मध्ये लेखकाने तिची कादंबरी केली. चार्ली गॉर्डन हा 68 बुद्ध्यंक असलेला, मनाने निर्मळ आणि शिकण्याची विलक्षण आस असलेला तरुण आहे. त्याच्यावर बुद्धी वाढवणारी शस्त्रक्रिया होते. अल्जरनॉन नावाच्या उंदरावर ती आधीच झालेली असते. सगळी गोष्ट चार्लीने स्वतः लिहिलेल्या नोंदींतून पुढे जाते. पहिल्या नोंदीत त्याला 'प्रगती अहवाल' हे दोन शब्दही नीट लिहिता येत नाहीत. भूलभुलैयाच्या शर्यतीत उंदीर त्याला हरवतो आणि त्याला त्याचे वाईट वाटते. मग हळूहळू शब्द सुधारू लागतात. एके दिवशी त्याला स्वल्पविराम म्हणजे काय ते कळते, आणि त्या दिवशीच्या नोंदीत तो जवळजवळ प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम घालतो, कारण नवे खेळणे मिळालेल्या मुलाचा आनंद त्याला झालेला असतो. त्याची बुद्धी वाढते आहे असे लेखक कुठेही सांगत बसत नाही. वाचकाला ती कागदावर वाढताना दिसते. आणि ती वाढत जाते तसे त्याला कळू लागते की ज्यांना आपण मित्र समजत होतो ते आपल्याला हसत होते. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. इतकेच सांगतो की एका संपादकाने या कथेचा शेवट गोड करून मागितला होता आणि कीज यांनी नकार दिला. केवळ चरित्रे आणि आत्मचरित्रे नेणाऱ्या एका सभासद बाईंना मी ही कादंबरी दिली होती. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्याआधी त्या दारात उभ्या होत्या, आणि "याला विज्ञानकथा का म्हणता?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी त्यांना उलट विचारले, की ती शस्त्रक्रिया कथेतून काढून टाकली तर मागे काय उरेल? त्या थोडा वेळ विचारात पडल्या आणि मग कपाटाकडे वळल्या.

तो प्रश्न मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटतो. कथेतली वैज्ञानिक कल्पना काढून घेतली आणि कथा तशीच उभी राहिली, तर ती केवळ अंतराळाचा पोशाख चढवलेली साधी गोष्ट असते. नव्या वाचकाला देण्यासाठी मी अशीच पुस्तके निवडतो ज्यांत कल्पना आणि माणूस एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

याच तोडीची दुसरी कथा रे ब्रॅडबरी यांची 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स', जी त्यांच्या 1950 च्या 'द मार्शियन क्रॉनिकल्स' या पुस्तकात आहे. तिच्यात एकही जिवंत मनुष्यपात्र नाही. एक स्वयंचलित घर सकाळी वेळ सांगते, न्याहारी तयार करते, साफसफाई करते, आणि तारीख सांगते : 4 ऑगस्ट 2026. घराच्या जळून काळवंडलेल्या पश्चिमेकडच्या भिंतीवर चार आकृत्या तेवढ्या उरल्या आहेत : गवत कापणारा पुरुष, फुले तोडणारी स्त्री, आणि एका चेंडूच्या दोन बाजूंना एक मुलगा व एक मुलगी. ही सात-आठ पाने वाचकाच्या हाती द्यावीत आणि त्याच्याशी काहीही बोलू नये. ज्यांना कवितेची ओढ आहे त्यांच्यासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

इतिहास वाचणाऱ्यांसाठी मराठीतच एक उत्तम दार उघडे आहे. जयंत नारळीकर यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, कारण नावाच्या दबावाविना कथेची पारख व्हावी अशी त्यांची इच्छा होती. आणि त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परंतु इतिहासप्रेमी वाचकाला मी देतो ती त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात जिथे 1761 च्या लढाईचा निकाल उलटा लागलेला आहे. तिथे ते घाबरून धावत सुटत नाहीत. ते ग्रंथालयात जाऊन बसतात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड पुढ्यात घेऊन इतिहासाला नेमका कुठे फाटा फुटला ते शोधतात. विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी तीळभर अंतराने हुकली की लागली, एवढाच तो फरक. इतिहासाच्या वाचकाला ही पद्धत आपली वाटते, आणि एकदा तो या कथेत शिरला की समांतर विश्वांचे भौतिकशास्त्र समजून घ्यायला तो स्वतःहून तयार होतो. नारळीकरांची विज्ञानकादंबरी हवी असेल तर 'वामन परत न आला' द्यावी. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइनस्टाईन' ही कथा आणि सुबोध जावडेकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे यांचे कथासंग्रहही हाताशी असू द्यावेत. इंग्रजी वाचायला कंटाळणाऱ्या वाचकावर भाषांतरित पुस्तकांचे ओझे पहिल्याच दिवशी टाकण्याची गरज नाही.

याच वाचकाचे पुढचे पाऊल म्हणून ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' ही 1979 ची कादंबरी द्यावी. डेना ही कृष्णवर्णीय लेखिका 1976 मधल्या आपल्या घरातून एकाएकी एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये, गुलामगिरीच्या काळात, ओढली जाते. आणि तेही पुन्हा पुन्हा. कालप्रवास कसा होतो याचे स्पष्टीकरण पुस्तकात नाही, म्हणून स्वतः बटलर या कादंबरीला विज्ञानकथा म्हणत नसत. तरीही मी ती याच कपाटात ठेवतो, कारण 'आजचे मन त्या काळात गेले तर किती दिवसांत वाकेल?' हा प्रयोग कालप्रवासाविना करताच येत नाही. हे पुस्तक देताना एक सूचना अवश्य द्यावी, की यातली हिंसा सौम्य केलेली नाही.

गुप्तहेरकथा वाचणारा सभासद आला तर निवड सोपी असते. असिमॉव्ह यांचेच 'द केव्हज ऑफ स्टील' हे 1954 चे पुस्तक त्याला द्यावे. खून आहे, संशयित आहेत, आणि तपास करणाऱ्या एलायजा बेलीचा जोडीदार हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव आहे. बंदिस्त शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे तिथल्या माणसांना मोकळ्या आकाशाखाली उभे राहण्याची भीती वाटते, आणि ही भीतीच गुन्ह्याच्या कोड्याचा भाग बनते. आपल्याला असिमॉव्ह इतके प्रिय असतील तर गटाची त्यांच्याशी दुसऱ्यांदा ओळख या पुस्तकाने करून द्या.

हाताने काही दुरुस्त करण्यात ज्याला रस आहे, मग तो अभियंता असो किंवा घरातला नळ स्वतः बसवणारा गृहस्थ, त्याला अँडी वीअर यांचे 'द मार्शियन' आवडते. मार्क वॉटनी मंगळावर एकटा मागे राहतो आणि रोजनिशी लिहितो. किती अन्न उरले, किती दिवस पुरेल, बटाटे लावायला माती आहे पण पाणी नाही, मग इंधनातल्या हायड्रॅझीनपासून पाणी कसे करायचे : प्रत्येक पानावर एक अडचण आणि एक हिशेब. "मला विज्ञान कळत नाही" असे म्हणणाऱ्यांनीही हे पुस्तक एका बैठकीत वाचलेले मी पाहिले आहे, कारण इथले विज्ञान म्हणजे जीव वाचवण्याची खटपट आहे. या वाचकाला नंतर आर्थर क्लार्क यांचे 1973 चे 'राँदेव्हू विथ रामा' द्यावे. सूर्यमालेत शिरलेले 50 किलोमीटर लांबीचे एक पोकळ नळकांडे, आणि त्यात उतरलेली माणसे. पात्रे फिकी आहेत, परंतु त्या अंधाऱ्या पोकळीत पहिल्यांदा उजेड होतो तो प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. पुढचे भाग क्लार्क यांनी सहलेखकासोबत पुष्कळ वर्षांनी काढले. त्यांची शिफारस मी करत नाही.

ललित साहित्याचा कसलेला वाचक हा सर्वांत अवघड, कारण त्याच्या मनात या प्रकाराविषयी थोडा आकस असतो. त्याला काझुओ इशिगुरो यांचे 'नेव्हर लेट मी गो' द्यावे आणि पुस्तकाविषयी एक अक्षरही सांगू नये. एका शाळेतल्या मुलांच्या आठवणी आहेत, इतकेच म्हणावे. मलपृष्ठावरचा मजकूरही वाचू नका असे मी सांगतो. या पुस्तकाचे सगळे बळ कळण्याच्या संथ गतीत आहे आणि एका वाक्याने ते नासते. त्यानंतर टेड चँग यांची 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' ही 1998 ची दीर्घकथा. परग्रहावरून आलेल्या जिवांची लिपी शिकणारी एक भाषाशास्त्रज्ञ आपल्या मुलीशी बोलते आहे, आणि तिच्या वाक्यांतला भविष्यकाळ सुरुवातीला थोडा खटकतो. तो का खटकतो हे ज्या पानावर कळते, तिथे वाचक पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहतो. व्याकरणातला काळ हाच कथेचा गाभा असू शकतो, हे मला या कथेने दाखवले. चँग यांनी लिहिलेय फार थोडे, आणि जे आहे ते सगळे कथा-दीर्घकथांच्या रूपात आहे, त्यामुळे कादंबरीची धास्ती असणाऱ्यांनाही ते जवळचे वाटतात.

उर्सुला ले ग्विन यांचे 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969) हे माझ्या स्वतःच्या सर्वांत जवळचे पुस्तक आहे, आणि म्हणूनच ते देताना मी सर्वाधिक सावध असतो. गेथेन या हिमाच्छादित ग्रहावरची माणसे महिन्यातले काही दिवसच स्त्री किंवा पुरुष होतात, एरवी दोन्हीही नसतात. तिथल्या राजालाही गर्भ राहू शकतो. सुरुवातीची शंभर पाने दरबार, शिष्टाचार आणि अनोळखी नावे यांतच जातात. मग दोन जीव बर्फाच्या अफाट पठारावरून स्लेज ओढत निघतात, आणि तो प्रवास वाचल्यावर मैत्री या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता बदलला. वाचकाने विज्ञानकथेची चार-पाच पुस्तके पचवली की मगच हे द्यावे, आणि "शंभराव्या पानापर्यंत माझ्यावर विश्वास ठेवा" असे स्पष्ट सांगावे. राजकीय विचारांत रस असलेल्या वाचकाला त्यांचे 'द डिस्पझेस्ड' आधी दिले तरी चालते.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो. अंतराळातले साहस वाचायला हवे म्हणून आलेल्या एका तरुणाला मी स्तानिस्वाव लेम यांचे 'सोलारिस' दिले. अवकाशस्थानक आहे, परग्रह आहे, म्हणजे मागणी पुरी झाली, असा मी हिशेब केला. प्रत्यक्षात ते पुस्तक दुःखाविषयी आणि मानवी आकलनाच्या मर्यादांविषयी आहे. ग्रह व्यापणारा तो महासागर शेवटपर्यंत काहीही उलगडून सांगत नाही. तरुणाने पुस्तक परत केले आणि नंतर बराच काळ तो त्या कपाटाकडे फिरकला नाही. शिवाय आमच्याकडची प्रत जुन्या इंग्रजी अनुवादाची होती. तो 1970 चा अनुवाद मूळ पोलिशवरून झालेला नव्हता, फ्रेंच अनुवादावरून झालेला होता, आणि इंग्रजी वाचू शकणारे लेम स्वतः त्यावर नाखूश होते. थेट पोलिशवरून केलेला बिल जॉन्स्टन यांचा अनुवाद 2011 मध्ये आला. पुस्तक सुचवताना त्याचाच आग्रह धरावा.

अनुवादाची ही बाब किरकोळ नाही. ज्यूल व्हर्न यांच्या 'समुद्राखालील वीस हजार लीग' या कादंबरीच्या पहिल्या इंग्रजी अनुवादातून मजकुराचा मोठा भाग गाळलेला होता, आणि त्या गाळलेल्या भागात नेमका शास्त्रीय तपशील अधिक होता. पुढे कित्येक दशके व्हर्न हा मुलांचा लेखक आहे असा इंग्रजी वाचकांचा समज राहण्यामागे ही काटछाटही होती. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना व्हर्न भेटले ते भा. रा. भागवतांच्या रसाळ मराठीतून. ती पुस्तके मुलांना जरूर द्यावीत, पण मोठ्यांना व्हर्न द्यायचे असतील तर अलीकडचा संपूर्ण अनुवाद शोधावा. लिऊ त्सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. केन लिऊ यांच्या 2014 च्या इंग्रजी अनुवादात सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणे सुरुवातीला आहेत, तर चिनी पुस्तकात ती मधे टाकलेली होती. लेखकाचा मूळ बेत इंग्रजीत आहे तोच होता. या कादंबरीचे विज्ञान दाट आहे आणि पात्रे थंड आहेत. 'फाउंडेशन' पूर्ण करणाऱ्या तुमच्या त्या एका वाचकाला ती खात्रीने आवडेल. बाकीच्यांना आत्ता देऊ नका.

पुरस्कारांच्या याद्यांचा उपयोग करावा, पण त्या काय सांगतात ते ओळखून करावा. ह्युगो पुरस्कार 1953 पासून दिले जातात आणि ते जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य मत देऊन ठरवतात. नेब्युला 1965 च्या साहित्यापासून सुरू झाला आणि तो लेखकांच्या संघटनेचा आहे. दोन्हीकडे मत देणारे लोक या साहित्यात आधीच मुरलेले असतात. त्यांना जे नवे आणि धाडसी वाटते ते नवख्याला दुर्बोध वाटू शकते. विल्यम गिब्सन यांचे 'न्यूरोमॅन्सर' (1984) हे दोन्ही पुरस्कार मिळवणारे पुस्तक आहे आणि पहिले पुस्तक म्हणून ते दिलेले मी एकदाही यशस्वी झालेले पाहिले नाही. यादीतले पुस्तक एखाद्या मालिकेचा मधला भाग नाही ना, हेही तपासावे.

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'बद्दल आपण वेगळे विचारले नसले तरी ते कोणीतरी मागणारच. चित्रपट पाहून आलेल्या वाचकाला ते आता पूर्वीपेक्षा सोपे जाते, कारण वाळवंट, 'मसाला' नावाचा तिथला मौल्यवान पदार्थ आणि सत्तेसाठी झगडणारी घराणी यांचे चित्र त्याच्या मनात तयार असते. 1965 मध्ये हे पुस्तक निघण्यापूर्वी वीसहून अधिक प्रकाशकांनी ते नाकारले होते, आणि अखेर ते छापले मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशकाने. शेवटी शब्दसूची दिली आहे. वाचकाला ती आधी दाखवून द्यावी, मात्र दर ओळीला मागे जाऊन पाहू नका असेही बजावावे. पहिला भाग स्वयंपूर्ण आहे. तिथे थांबले तरी काही बिघडत नाही.

जुनी पुस्तके देताना त्यांचे दोष आधीच सांगून टाकावेत. 1940 आणि 1950 च्या दशकांतल्या बऱ्याच इंग्रजी विज्ञानकथांत स्त्रिया एक तर नसतात किंवा शोभेपुरत्या असतात. वाचकाला हे पन्नासाव्या पानावर स्वतः शोधावे लागले तर सुचवणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो. आधी सांगितले तर तो त्यापलीकडचे पाहायला तयार होतो. आणि त्या काळाच्याही आधी, 1905 मध्ये, रुकय्या सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' लिहिली होती, जिच्यात स्त्रिया सूर्याच्या उष्णतेवर देश चालवतात आणि पुरुष पडद्यात राहतात. ही कथा अर्ध्या तासात वाचून होते. आपल्या गटात ती मोठ्याने वाचून दाखवावी असे मी सुचवेन.

आता आपल्या सहा जणांविषयी. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा : रात्री जागून पूर्ण केलेले शेवटचे पुस्तक कोणते, आणि 'फाउंडेशन' नेमके कोणत्या पानावर मिटले? पहिल्या उत्तरावरून कोणते पुस्तक द्यायचे ते ठरते. दुसरे उत्तर त्याहून मोलाचे आहे. पहिल्या वीस पानांत मिटले असेल तर अडचण अनोळखी शब्दांची आहे, त्या वाचकाला लघुकथा द्या. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला, सेल्डन नाहीसा झाल्यावर मिटले असेल तर त्याला माणूस हवा आहे, त्याला चार्ली गॉर्डन किंवा डेना द्या. तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत जाऊन मिटले असेल तर कल्पना त्याला आवडली आहे, फक्त पुनरावृत्तीचा कंटाळा आला आहे. त्याच्या हातात 'द केव्हज ऑफ स्टील' ठेवा. "हे आमच्यासाठी नाही" असे म्हणणाऱ्या बाईंना मात्र लगेच काही देऊ नका. पुढच्या बैठकीत ब्रॅडबरींची ती सात-आठ पाने सगळ्यांसमोर वाचली जाऊ द्या, आणि भिंतीवरच्या त्या चार आकृत्यांविषयी पहिले कोण बोलते ते पाहा.